काडी खोचली की फुटतो, तरी विलो धोक्यात कसा?

पानगळ:

नमस्कार मंडळी. प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल पण आठवडाभर डोक्यात घोळतोय म्हणून विचारूनच टाकते. स्कॉटलंडमधल्या वुली विलोबद्दल वाचत होते, शास्त्रीय नाव सॅलिक्स लॅनाटा. फार तर कमरेएवढं होणारं झुडूप, पानांवर इतकी लव की पान हिरवं न दिसता राखाडी-चंदेरी दिसतं. ते म्हणे तिथे मोजक्याच डोंगरकड्यांवर उरलंय आणि काही जागी तर दहा झुडपं पण नाहीत.

आता माझा गोंधळ असा की विलोबद्दल मी आजवर एकच गोष्ट ऐकत आलेय, काडी तोडा, ओल्या मातीत खोचा आणि विसरून जा, ती फुटणारच. बॅटचा विलो तर इंग्लंडात पिढ्यानपिढ्या असाच लांब काठ्या रोवून वाढवतात. ऑस्ट्रेलियात याच्या उलट तक्रार, तिथे विलोच्या दोन-तीन सोडून सगळ्या जाती राष्ट्रीय पातळीवरच्या तणांच्या यादीत टाकल्यात, नद्यांचे काठ भरून गेलेत, लोक उपटून उपटून थकलेत. आणि त्याच घराण्यातलं हे झुडूप इकडे शेवटचे दिवस मोजतंय.

मग हजार काड्या तोडून सरळ हजार रोपं का करत नाहीत? इतकी साधी गोष्ट तिथल्या लोकांना सुचली नसेल असं होणार नाही, म्हणजे मलाच काहीतरी कळलेलं नाहीये. शिवाय बियांचं काय? विलोचा तो कापूस उडतो तो बियांचाच ना, एकेका झाडाला हजारोंनी येत असतील, त्या सगळ्या जातात कुठे? कोणी समजावून सांगेल का, फार पुस्तकी नको प्लीज, बारावीनंतर बायोलॉजीशी माझा संबंध संपला.

भिंगवाला:

पानगळ, बाळबोध कसला, सगळी मेख याच प्रश्नात आहे. एका झुडपाच्या हजार काड्या लावल्या तर हजार झुडपं होत नाहीत हो, एकच झुडूप हजार ठिकाणी उभं राहतं. रोग आला तर सगळ्यांना एकदम, कारण आतून सगळी सारखीच. तुमच्या बॅटच्या विलोचंच बघा, वॉटरमार्क नावाचा बॅक्टेरियाचा रोग त्यात शिरला की लाकडात डाग पडतात, बॅटच्या दृष्टीने ते लाकूड बाद, आणि तिथे लागवड मोजक्याच क्लोनची असल्यामुळे रोगट झाडं शोधशोधून तोडत बसावं लागतं.

पण याहून मोठी भानगड वेगळीच आहे. विलोत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, पपईसारखं. नराच्या काडीतून नरच येणार, मादीच्या काडीतून मादीच. त्यामुळे कड्यावर शेवटची पाच झुडपं उरली आणि पाचही माद्या निघाल्या तर तुम्ही त्यांच्या पाच हजार काड्या लावा, बी एक धरणार नाही. न्यूझीलंडात क्रॅक विलो नावाचा प्रकार आहे, त्याची फांदी बुडाशी कट्कन मोडते, पाण्यात पडते, वाहत जाते आणि जिथे अडकेल तिथे मुळं धरते. तिथला हा विलो जवळपास सगळाच्या सगळा नर आहे. म्हणजे मादी नसताना, बी नसताना त्याने नद्यांचे काठ व्यापले. तुम्ही म्हणता ती विलोची चिवट बाजू ही, पण त्यात नवीन पिढी अशी कुठे जन्मलीच नाही.

फुलं जवळून बघितलीत का कधी? मला नाद आहे म्हणून सांगतो. थंडी सरता सरता फांदीवर कळ्या असतात, प्रत्येक कळीवर एकच खवला, टोपी घातल्यासारखा. बाकीच्या झाडांच्या कळ्यांवर खवल्यांवर खवले असतात, इथे एकच. तो सुटला की आतून मऊ रेशमी तुरा बाहेर येतो, मांजराच्या पंजासारखा, ते कॅटकिन. भिंगाखाली धरलं की कळतं की त्यात शेकडो फुलं आहेत आणि एकालाही पाकळी नाही. नर फूल म्हणजे एक केसाळ पान, बहुतेक जातींत दोन पुंकेसर आणि बुडाशी एक पिवळसर गाठ, ती मकरंदाची. मादी फूल म्हणजे एक छोटीशी सुरई, तोंडाशी कुक्षी, आणि बुडाशी तीच मकरंदाची गाठ. एकदा बघितलं की नर-मादी ओळखायला परत भिंग लागत नाही, नराचा तुरा परागाने पिवळा होतो आणि मादीचा हिरवाच राहतो. पण हे फक्त फुलोऱ्याच्या थोड्या दिवसांत. एरवी पानांवरून नर की मादी ते भल्याभल्यांना सांगता येत नाही.

परागीभवन वारा आणि किडे दोघंही करतात. विलो फार लवकर फुलतो, बाकी रान झोपलेलं असतं तेव्हा, त्यामुळे थंडीतून नुकत्याच उठलेल्या भुंग्यासारख्या बंबलबी राण्या उपाशीपोटी आधी यावरच येतात. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या अँड्रेना नावाच्या एकट्या मधमाश्या आहेत, त्यातल्या काही तर पिल्लांसाठी फक्त विलोचेच पराग नेतात. आता विचार करा, उंच थंड डोंगर, पाऊस-वारा असला की माशी उडत नाही, जवळातला नर दोन दऱ्या ओलांडून, फुलोरा जेमतेम आठ-दहा दिवसांचा. मादीचे तुरे तसेच वाळून गळून जातात. झुडूप ठणठणीत दिसतं, दरवर्षी फुलतं, आणि मागे काहीच ठेवत नाही. मला तर हा प्रकार कुऱ्हाडीपेक्षा वाईट वाटतो, कारण कुऱ्हाड निदान दिसते तरी.

आणि हो, "काडी खोचली की फुटते" हे पण सगळ्यांना लागू नाही. काठावरच्या विलोंच्या सालीखाली मुळांचे कोंभ आधीच तयार असतात, ओल मिळाली की बाहेर. गोट विलोत, म्हणजे सॅलिक्स कॅप्रियात, ते नसतात, त्याची जून काडी लावून बघा, बहुतेक वेळा वाळतेच.

काठावरून:

भिंगवाल्यांनी फुलाचं सांगितलं, बियांचं मी सांगतो कारण माझ्या मते खरा गळफास तिथे आहे.

विलोची बी जेमतेम एक मिलिमीटर. बोंड पिकलं की दोन पाकळ्या मागे वळल्यासारखं उकलतं आणि आतून कापूस फुगून बाहेर येतो, प्रत्येक बीला बुडाशी केसांचा झुबका, आपण रुईच्या म्हातारीमागे पळायचो तसलंच पण फार बारीक. उडणं जोरदार, पोटात मात्र काही नाही. म्हणजे शब्दशः नाही, बीमध्ये पुढच्या दिवसांसाठी साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं, आत हिरवागार गर्भ तेवढा. त्यामुळे बहुतेक जातींची बी साध्या हवेत काही दिवस, फार झालं तर काही आठवडे जिवंत राहते. बाभळीची बी जमिनीत पडून वाट बघू शकते, विलोची नाही. यंदाची बी यंदाच, पुढच्या वर्षासाठी मातीत शिल्लक काही नसतं.

मी एकदा उकलायला आलेले तुरे कागदी पिशवीत घालून आणले होते. रात्रभरात पिशवी कापसाने भरली. त्यातल्या बिया ओल्या टिपकागदावर टाकल्या, झाकण लावलं. पाणी लागल्याबरोबर कापूस आपोआप बसतो आणि बी सुटी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अर्ध्याहून जास्त उघडलेल्या, दोन इवलीशी हिरवी दलं. आणि गंमत म्हणजे मूळ अजून वाढलेलंच नव्हतं, त्याच्या जरा वर बारीक केसांचं एक कडं फुटलं होतं आणि त्या केसांनी रोप कागदाला घट्ट धरून बसलं होतं, आधी नांगर टाकायचा आणि मग मूळ सोडायचं असा हिशोब. त्याच पिशवीतल्या उरलेल्या बिया खिडकीत राहिल्या होत्या, महिनाभराने त्यांना तेच पाणी तोच कागद दिला, एक उगवली नाही.

आता ही बी पडायला पाहिजे कुठे? उघड्या, ओल्या मातीवर किंवा वाळूवर. गवतात पडली, पालापाचोळ्यात पडली, सावलीत पडली की संपलं. वर आलं तरी मूळ इतकं बारीक असतं की वरचा थर दोन दिवस सुकला तरी रोप गेलं. अशी जागा कोण तयार करून देतं तर नदी. पूर येतो, काठ खरवडतो, नवी वाळू टाकतो, मग पाणी हळूहळू उतरतं आणि ओलीमागे मूळ खाली खाली जातं. पाणी फार भरभर उतरलं तर मुळाला गाठता येत नाही. विलोच्या सख्ख्या भावंडांवर, म्हणजे पॉप्लरवर, महोनी आणि रूड या संशोधकांनी १९९८ मध्ये मांडलेला हिशोब आहे की पाण्याची पातळी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा वेगात उतरली तर रोपं टिकत नाहीत. धरण बांधलं की एक तर पूरच येत नाही आणि आला तरी दार बंद केलं की पाणी एका दिवसात खाली. कॅनडात अल्बर्टामधल्या ओल्डमन नदीवर १९९५ चा मोठा पूर ओसरताना धरणाचं पाणी मुद्दाम हळू उतरवलं आणि काठावर पॉप्लर-विलोची रोपं उगवून आली. एक काडी न लावता.

जपानमध्ये केशोयानागी म्हणून एक विलो आहे, केशो म्हणजे मेकप, त्याच्या कोवळ्या फांद्यांवर पांढरी पावडर चोपडल्यासारखी असते म्हणून. होक्काइदोत सापडतो, आणि मुख्य बेटावर एकदम शेकडो किलोमीटर सोडून कामिकोचीच्या अझुसा नदीवर. त्याच्या फुलात मकरंदाची गाठ पण नाही आणि तुरे खाली लोंबतात, सगळा भार वाऱ्यावर. आणि काडी लावून तो नीट फुटत नाही. म्हणजे त्याला बी हाच एक रस्ता, आणि बीला रस्ता म्हणजे इकडेतिकडे पात्र बदलत भटकणारी नदी. नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातले की जुनी झाडं उभी राहतात, फोटो छान येतात, आणि खाली एक रोप नाही.

सडेतोड:

सगळं वाचलं, माहिती भारी आहे पण मला एक कळत नाही. विलोच्या चारशेच्या वर जाती आहेत आणि त्या एकमेकींत वाट्टेल तशा मिसळतात असं मीच कुठेतरी वाचलंय, निम्मे विलो कुठल्या जातीचे यावर तज्ज्ञांचीच भांडणं होतात. मग निसर्गच जर सरमिसळ करतोय तर आपण शुद्ध जात जपण्याचा एवढा अट्टहास का करायचा? चार झुडपं कड्यावर मेली तर त्यांची जागा दुसरा विलो घेईल की. पैसा आणि माणसं दुसरीकडे लावा.

भिंगवाला:

सडेतोड, मिसळतात हे शंभर टक्के खरं. पण संकर कधी होतो ते बघा. दोन्ही जाती भरपूर असतात तेव्हा थोडेफार संकर होतात आणि फार काही बिघडत नाही. एक जात शेपन्नास झुडपांवर आली आणि भोवती दुसरीची हजारो झाडं असली की मादीच्या कुक्षीवर पडणारे पराग बहुतेक परक्याचेच. बी धरते, रोप येतं, पण ते तिचं नसतं. वर्षं जातात तसं संकरच उरतात आणि मूळ जात त्यात विरघळून जाते. पूर्व पोलंडमधल्या पोलेसीच्या दलदलीत सॅलिक्स मिर्टिलॉइडिस म्हणून एक बुटका विलो आहे, हिमयुग मागे हटलं तेव्हापासून त्या थंड पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-पाल्याच्या दलदलीत अडकून राहिलेला. पाण्याची पातळी खाली गेली, दलदल सुकायला लागली, तसा तिथे सॅलिक्स ऑरिटा घुसला, तो जास्त दणकट, आणि आता दोघांचे संकर. त्याच भागात सॅलिक्स लॅपोनम पण अशीच आटत चाललीय, तिची रोपं प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने वाढवून परत दलदलीत लावायचं काम तिथल्या लोकांनी केलंय.

आणि "दुसरा विलो जागा घेईल" हे काठावर चालेल एक वेळ. झाडं जिथे उगवतच नाहीत अशा उंच थंड कड्यावर बर्फाखाली महिनोन्महिने दबून राहणारा दुसरा कोण आहे? कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाला सॅलिक्स जेजुना आहे, जमिनीला सपाट चिकटलेला, वारा आणि गोठण्या-वितळण्याने सतत हलणाऱ्या चुनखडीच्या खडीत वाढतो. जगात फक्त तिथल्या किनाऱ्याच्या एका चिंचोळ्या पट्टीत. कॅनडाने २००१ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवलं. त्याचा शत्रू काय तर रस्त्यासाठी खडी उचलणारे ट्रक. तिथे बाग करायची गरजच नाही, खडी उचलू नका एवढंच म्हणायचंय. यात कुठे आला पैसा?

सडेतोड:

ठीक आहे, खडीचा मुद्दा मान्य. बाकीचा विचार करतो :)

ओलेबूट:

उशिरा लिहितोय. मी दोन उन्हाळे स्कॉटलंडमध्ये अशाच एका लागवडीवर स्वयंसेवक होतो (नाव घेत नाही, पुढे कळेल का ते), त्यामुळे पानगळ यांच्या "हजार काड्या का लावत नाहीत" या प्रश्नाचं थोडं अनुभवाचं उत्तर देता येईल.

पहिली गोष्ट, वुली विलोला कडे आवडतात म्हणून तो कड्यावर नाहीये. खालच्या उतारावरचा मेंढ्यांनी आणि हरणांनी खाऊन संपवला, तोंड पोचलं नाही तेवढाच कपारीत उरला. कोवळा कोंभ आला की हरीण खातं, परत येतो, परत खातं, झुडूप मरत नाही पण फुलायच्या वयाला पण येत नाही. म्हणजे खाली रोपटी असली तरी ती गवताच्या उंचीची, वीस वर्षांची बाळं. आणि कपारीतून बी सुटली तरी ती पडणार कुठे, तर खाली मेंढ्यांच्या ताटात.

काड्या काढायला दोर लावून उतरणारी माणसं वेगळी होती, आम्ही खाली पिशव्या घेऊन उभे. प्रत्येक झुडपाची पिशवी वेगळी, ओल्या शेवाळात गुंडाळून, पिशवीवर जागा आणि झुडपाचा नंबर. नियम असा की एकाच झुडपाच्या ढीगभर काड्या घ्यायच्या नाहीत, थोड्या थोड्या पण जमतील तेवढ्या झुडपांच्या, आणि नर-मादी दोन्ही. हे कागदावर सोपं आहे. फुलोरा असतो तेव्हा वर बर्फ असतो, आणि वर जाता येतं तेव्हा फुलोरा संपलेला असतो, त्यामुळे बऱ्याच पिशव्यांवर नर की मादी तो रकाना कोरा.

माझ्या आधीच्या एका तुकडीत हेच नडलं होतं. नर्सरीत ट्रे हलवताना काही लेबलं गेली, कोणीतरी अंदाजाने गट पाडले, आणि एका कुंपणात दीडएकशे रोपं गेली. मस्त जगली. आम्ही गेलो त्या वर्षी ती पहिल्यांदा भरभरून फुलली आणि आमच्या सोबतची बाई एकेक तुरा बघत रांगेतून चालत गेली, हिरवा, हिरवा, हिरवा. सगळ्या माद्या. शेवटच्या रोपापर्यंत जाऊन ती नुसती खाली बसली. चुकलं कोणाचं ते सोडा, पण सात वर्षांचं काम होतं. मग दुसऱ्या जागेचे नर आणून मधेमधे लावले, ते फुलायला अजून काही वर्षं.

तसंही बऱ्याच विलोंत माद्याच जास्त सापडतात. आर्क्टिक विलोत तर डॉसन आणि ब्लिस या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की ओल्या, सकस जागी माद्या जास्त आणि कोरड्या जागी नर जास्त. बी पिकवायला पाणी-खत जास्त लागतं, म्हणून मादीला चांगली जागा लागते असा अर्थ लावतात. आम्ही रोपं लावताना म्हणूनच एकाच ओलसर खोलगटात सगळी कोंबायची नाहीत असं ठरवलं.

कुंपणाचं पण सांगतो कारण सगळ्यांना वाटतं कुंपण घातलं की झालं. बेन लॉअर्स डोंगरावर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने १९८० च्या दशकाच्या शेवटापासून कुंपणं घालून डोंगरी विलो परत आणलेत आणि तिथे फरक डोळ्यांना दिसतो, आत गुडघाभर हिरवं-चंदेरी रान आणि बाहेर टक्कल. पण मेंढी गेली की गवत कमरेएवढं होतं. गवत झालं की व्होल म्हणजे रानउंदीर येतात आणि बुडाची साल कुरतडतात. आणि काठावरून यांनी सांगितलं तसं बीला उघडी माती पाहिजे, ती तर गवताने झाकली. म्हणजे लावलेली रोपं वाढतात पण आपणहून उगवलेलं रोप शोधायला गुडघ्यांवर रांगावं लागतं. आम्हाला दोन उन्हाळ्यांत सापडली ती सगळी कुठे सापडली माहितेय का, दरड घसरून माती उघडी पडली होती तिथे, आणि एक तर चक्क आमच्याच बुटाने उखडलेल्या पाऊलवाटेच्या कडेला.

पानगळ:

बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. ओलेबूट, त्या बाईंचं वाचून खरंच पोटात कालवलं.

आता दोन गोष्टी अजून. एक, रोप फुलेपर्यंत नर-मादी कळत नाही म्हणता, मग हल्ली एवढं डीएनए वगैरे असताना आधीच तपासता येत नाही का? आणि दुसरं, बी महिनाभरात मरते तर ते बियाण्यांच्या बँका वगैरे असतात त्यात विलो ठेवताच येत नाही की काय?

भिंगवाला:

येतं की तपासता, पण एकच टेस्ट सगळ्यांना चालत नाही. आपल्यात एक्स-वाय असतात, वाय असला की नर. विलोत काही जातींत तसंच आहे, उदाहरणार्थ ब्लॅक विलोत एक्स-वाय, सातव्या गुणसूत्रावर. पण बास्केट विलो, पर्पल विलो यांच्यात पक्ष्यांसारखं झेड-डब्ल्यू, म्हणजे वेगळी जोडी मादीकडे, आणि ते पंधराव्या गुणसूत्रावर. एकाच घराण्यात दोन पद्धती, जागा पण वेगळ्या. त्यामुळे एका जातीसाठी बनवलेली खूण दुसरीला लावली तर दगा देऊ शकते, प्रत्येक जातीत आधी फुललेल्या झाडांवर पडताळून घ्यावी लागते. एकदा पडताळली की मग पानाच्या तुकड्यावरून काम होतं आणि ओलेबूट यांच्यासारखी फजिती टळते.

काठावरून:

बँकेचं मी सांगतो. बी ठेवता येते पण घाई फार. बोंड उकलल्याच्या एक-दोन दिवसांत गोळा करायची, कापूस काढायचा, बेताने वाळवायची आणि लगेच डीप फ्रीझ. एवढं सांभाळलं तर महिन्यांची वर्षं होतात, पण गव्हा-ज्वारीसारखी दशकानुदशकं ठेवून विसरून जाण्यातली ही बी नाही. म्हणून दुसरा रस्ता, हिवाळ्यातल्या झोपलेल्या काड्याच गोठवायच्या. जपानमधले अकिरा साकाई यांनी १९६० मध्ये दाखवलं की विलोसारख्या चिवट झाडांच्या काड्या आधी हळूहळू उणे तीसपर्यंत थंड केल्या आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत, बुडवल्या तरी त्या जिवंत राहतात. बाहेर काढून हळू गरम केल्या की फुटतात. पानगळ, तुमची काडी खोचायची कल्पना इथे मात्र एकदम बरोबर, फक्त मातीऐवजी टाकीत खोचायची. आणि अर्थात नर-मादी दोन्हींच्या, नाहीतर टाकीतही तेच रडगाणं.

एक अपवाद राहिला, माझ्याच वरच्या पोस्टला दुरुस्ती समजा. अलास्कातल्या काही विलोंची बी उन्हाळ्यात न पडता शरद ऋतूत पडते आणि ती लगेच उगवत नाही, थंडीभर झोपून बर्फ वितळला की उगवते. उन्हाळा इतका छोटा की पानगळीच्या तोंडावर उगवून रोपाने करायचं काय. तेव्हा "विलोची बी वाट बघत नाही" हे माझं वाक्य बहुतेक विलोंपुरतं धरा.

रानभूल:

नुसतं वाचत होते, एक भर घालते. संख्या मोजण्यातच विलो फसवतो. ॲरिझोना विलोला अमेरिकेत १९९२ मध्ये संकटग्रस्त यादीत घालायचा प्रस्ताव आला होता, मग शोधाशोध वाढली तशी युटामध्येही तो निघाला, आणि १९९५ मध्ये प्रस्ताव मागे घेऊन त्याऐवजी संवर्धनाचा करार केला. जनावरांनी खाऊन खाऊन बुटका ठेवलेला असतो, फुलं एका महिन्यात, पूर्ण वाढलेली पानं दुसऱ्या महिन्यात, त्यामुळे ओळख पटवायला एकाच झुडपाकडे दोनदा जावं लागतं. मी ओळख शिकले तेव्हा झुडपाला दोरा बांधून यायचे, फुलाच्या वेळी एकदा आणि पानाच्या वेळी एकदा, आणि वहीत दोन्ही एकाच पानावर चिकटवायचे. त्याशिवाय खात्रीने नाव घ्यायचं धाडस होत नसे.

आणि मराठीत विलोला वाळुंज म्हणतात हे कोणी लिहिलंच नाही! आशियातल्या उष्ण भागात ओढ्याकाठी असतो तो, सॅलिक्स टेट्रास्पर्मा. टेट्रास्पर्मा म्हणजे चार बियांचा.

पानगळ:

वाळुंज! आडनाव ऐकलं होतं, झाड म्हणून कधी डोक्यातच आलं नाही. भिंगवाले, साधं दहा पटीचं भिंग पुरेल ना मकरंदाची गाठ दिसायला?

भिंगवाला:

पुरेल. तुरा सूर्याकडे पाठ करून धरा आणि केसाळ पान टाचणीने जरा बाजूला करा, नाहीतर लवेतच हरवाल. आणि आधी माशी बसलीय का बघा, मी एकदा तशीच नाकाशी नेली होती.